स्नेहलचा कावळा

माझ्या धाकट्या जावेबद्दल, स्नेहलबद्दल, सांगायचं तर आधी एक कबूल करून टाकते. ती मला आवडत नव्हती. उगाच सारवासारव कशाला? दिसायला ती माझ्याहून बरी, शिकलेली माझ्याहून जास्त, कामाला माझ्या निम्मी, आणि तरी आमच्या घरात तोंडभर कौतुक व्हायचं ते तिचंच. हे बाईमाणसाने किती वर्षं गिळायचं?

ती मनमाडची. वडील रेल्वेत होते. लग्न होऊन आली तेव्हा मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडायला उतरली आणि पहिल्याच दिवशी तिच्या हातांवर पुरळ उठलं. सासूबाई, धोंडाबाई त्यांचं नाव, लगेच म्हणाल्या, "राहू दे गं बाई, तुझे हात काय या कामाचे नाय." माझ्या हातांना काय पुरळ उठलं नव्हतं? उठलं होतं. मी खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडायला गेले. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.

वर्षभरात माझ्या दिरांनी, समाधान भाऊजींनी, नाशकातच द्वारकेला ट्रान्सपोर्टचं ऑफिस टाकलं आणि दोघं तिकडेच फ्लॅटवर राहायला गेली. स्नेहल एका ऑफिसात नोकरीला लागली. मळा, फुलं, पहाटेचा बाजार आणि सासूबाई हे सगळं माझ्या आणि ह्यांच्या, म्हणजे वाल्मीकच्या, वाट्याला राहिलं. तक्रार नव्हती. पण पुढे सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि चार वर्षं त्या खाटेवर पडून होत्या. कूस बदलायची मी, अंथरूण धुवायचं मी, पेज भरवायची मी. स्नेहल रविवारी यायची. पिशवीत मोसंबी असायची. सासूबाईंच्या डोक्याला तेल लावायची, वेणी घालायची, मोबाइलवर भजनं लावायची. आणि ज्या बाई सहा दिवस माझ्याकडे भिंतीकडे बघावं तशा बघायच्या, त्या सातव्या दिवशी तिला बघून हसायच्या. अर्ध्या तोंडाने का होईना, हसायच्या.

मी दाराआड उभी राहून बघायचे आणि नुसती जळायचे. चार वर्षांत मला त्या एकदाही "बरं केलंस" असं म्हणाल्या नाहीत. वाचा गेली होती हे खरं. पण मान हलवता येत होती की!

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या गेल्या. दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर जमलो. पन्नास-साठ माणूस होतं. विधी झाला, पिंड ओट्यावर ठेवलं आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं आहे. मग घरचा एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि शब्द देतो. ज्याच्या शब्दावर कावळा येतो, तेच गेलेल्याच्या मनात होतं असं सगळे धरून चालतात. यावरून आमच्या भावकीत वाटण्या झाल्या आहेत, अडलेल्या सोयरिकी जुळल्या आहेत. कोर्टाचा निकाल माणसं मानणार नाहीत, पण कावळ्याचा मानतात.

त्या दिवशी कावळ्यांना तोटा नव्हता, पण आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. आधी हे पुढे झाले, "आई, मळा विकणार नाय," म्हणाले. काही नाही. भाऊजी म्हणाले, "आई, दर आठवड्याला घरी येईन." काही नाही. मग नणंद मंजुषाताई रडत रडत म्हणाल्या, "आई, भावांबद्दल माझ्या मनात काही नाही गं." तरी नाहीच. सासूबाईंचे भाऊ, निफाडचे गोटीराम मामा, यांनी चुकल्यामाकल्याची माफी मागितली. तास होत आला. गुरुजी म्हणाले, अजून थोडं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. माणसं कंटाळली. कुणी मोबाइल काढला, कुणी उसाच्या तोडीचं बोलू लागलं.

तेव्हा मी पुढे गेले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेच बरं होतं. मला शब्द वगैरे द्यायचा नव्हता. पदर तोंडाला लावला आणि जे खरं होतं ते बोलले. "आई, मी कंटाळले होते हो तुम्हाला. कधीकधी मनात आलं, सुटतील तर बरं. माफ करा." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं.

एकदम गलका झाला, "आला, आला!" डोळे पुसून बघते तर कावळा पिंडावर चोच मारतो आहे, स्नेहल हात जोडून उभी आहे, तिचे ओठ हलत आहेत, आणि सगळी माणसं तिच्याकडे बघत आहेत. कुणीतरी म्हणालं, "धाकटीच्या शब्दाला आला बघा."

रडता रडता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मेल्यावरसुद्धा हिलाच!

इथवरचं मी गिळलं असतं. पण कावळा तिथेच थांबला नाही. तेराव्याच्या जेवणात मंजुषाताई सांगत होत्या की स्नेहलने "आई, मी घर जोडून ठेवीन" असा शब्द दिला आणि कावळा आला. दिवाळीत त्या म्हणाल्या, कावळा आधी स्नेहलच्या डोक्यावरून तीनदा फिरला. संक्रांतीला त्या कावळ्याला एक पांढरं पीस आलं, अगदी आईच्या कपाळावरच्या बटेसारखं. आखाजीला, पितरांचं जेवण घातलं तेव्हा, कळलं की तो कावळा आता द्वारकेच्या फ्लॅटच्या गॅलरीत येतो, आणि स्नेहलने नाव घेऊन हाक मारली तरच पोळी खातो. फुलबाजारात झेंडूवर पाणी मारतात ना, वजन भरावं म्हणून, तसं प्रत्येक जण त्या गोष्टीवर थोडं थोडं पाणी मारून पुढे देत होता.

आणि मग लोक तिला बोलवायला लागले. अगदी खरं सांगते. नात्यात कुणाचा दहावा असला की, "स्नेहलताईंना घेऊन या, त्यांच्या हाकेला गुण आहे." वर्षभरात पाच दहाव्यांना तिला नेलं. ती फिकट रंगाची चांगली साडी नेसून जायची, पुढे उभी राहायची, हात जोडायची. तीन वेळा कावळा आला. दोन वेळा नाही आला, दर्भाचा करावा लागला. ते तीन सगळ्या नाशकाला माहीत झाले. ते दोन फक्त माझ्या लक्षात होते. माझ्या बरे लक्षात राहिले! जळणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती फार चांगली असते.

तरी मी गप्प बसले असते, कावळा तर कावळा. पण वर्षश्राद्ध जवळ आलं आणि टाकांचा विषय निघाला. आमच्या देवघरात कुलदैवतांचे चांदीचे पाच टाक आहेत. ते ज्या घरात, त्या घरात नवरात्राचे घट बसतात, सगळी भावकी तिथे जेवायला येते, आणि त्या घरची बाई ती घरातली मोठी. सासूबाईंनंतर तो मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. सुतकाच्या वर्षी घट बसवले नव्हते. आता बसायचे होते. आणि मंजुषाताईंनी फोनवर ह्यांना सांगितलं, "दादा, टाक स्नेहलकडे जाऊ दे. आईनेच कौल दिलाय." हे फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईची इच्छा असंल तर आपण कोण आडवं येणार?"

मी त्या रात्री जेवले नाही. पंधरा वर्षं त्या टाकांना मी दूध-पाण्याने धुतलं आणि आता ते द्वारकेच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार? एका पाखराच्या सांगण्यावरून?

मी फुलं विकणारी बाई आहे. क्रेटच्या वरची फुलं नेहमीच चांगली असतात. मी घ्यायला गेले की हात खाली घालते, तळातली मूठ वर काढते आणि मग बोलते. म्हटलं, या गोष्टीच्याही तळाला हात घालून बघू. कुणाला सुगावा लागू न देता मी एकेकाला विचारत सुटले. एकटं गाठायचं, दुसऱ्याने काय सांगितलं ते बोलायचं नाही, आणि तीनच गोष्टी विचारायच्या. तू कुठे उभा होतास? तुझ्या आणि पिंडाच्या मध्ये काय होतं? आणि हे तू बघितलंस की तुला कुणी सांगितलं?

बाजार आटोपला की मी रिकाम्या क्रेट टेम्पोत टाकायचे आणि पायी रामकुंडावर जायचे. ज्याने जी जागा सांगितली तिथे उभी राहून बघायचे. पायऱ्यांवर बसलेल्यांना तो ओटा अर्धाच दिसतो, मध्ये खांब येतो. झाडाखाली उभं असलेल्यांना माणसांच्या पाठीच दिसतात. साठातले चाळीस तिथेच गळाले.

सासूबाईंची बहीण, ठमाबाई मावशी, पांढऱ्या पिसाची शपथ घ्यायची. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं दिवाळीनंतर, आणि दहावा होता श्रावणात. मी म्हटलं, "मावशी, तेव्हा तुला माझं तोंड ओळखू येत नव्हतं, पीस कसं दिसलं?" ती जराही डगमगली नाही. म्हणाली, "मला नव्हतंच दिसलं. मंजुषानं सांगितलं. पण तिनं सांगितलं ना, तवापासून मला सपष्ट दिसतंय."

मंजुषाताईंचं तर आणखीच. त्या गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगायच्या. एकदा गप्पांत त्या सहज तक्रार करून गेल्या. "दहाव्याला माझ्यासाठी कुणी थांबलंसुद्धा नाही बाई! मी गाडीतून डबे काढत होते, ह्यांचा फोन आला शिवला म्हणून, तशीच धावत आले." मी कान टवकारले. गाडी लांब, पटांगणात लावलेली होती. म्हणजे बाईंनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं! पण सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. त्या खोटं बोलत नव्हत्या. इतक्या वेळा सांगून त्यांना ते दिसायलाच लागलं होतं. मला त्यांचा राग आला आणि थोडी भीतीही वाटली.

असे नऊ जण "डोळ्यांनी पाहिलं" म्हणणारे सापडले. नवांतल्या सातांनी ते मंजुषाताईंकडून ऐकलं होतं. आठवा चहा प्यायला गेला होता. उरले गोटीराम मामा. मामा कडेला, भिंतीला टेकून तंबाखू मळत उभे होते. त्यांना ऐकायला कमी येतं, पण नजर घारीची. ते म्हणाले, "कोण काय बोलत व्हतं ते मला नाय ठावं. पण कावळा मी पाह्यला. शेजारच्या वट्यावरून उठला अन् आपल्या वट्यावर आला. फिरला-बिरला काय नाय."

"शेजारच्या ओट्यावर काय होतं मामा?"

"दुसऱ्याचं पिंड व्हतं की. आपल्याच निफाडकडचा बारकू, त्याच्या बापाचा दहावा व्हता. त्यांचं आटपलं, त्यांनी उचललं."

मला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. दुसऱ्याच आठवड्यात झेंडूला शेणखत बघायचं निमित्त काढून मी निफाडला गेले, बारकूंच्या घरी. साधा माणूस. म्हणाला, "आमच्या आबांना जेवायची लय घाई असायची. पिंड ठेवलं की कावळे तुटून पडले. तुमचं तसंच पडून व्हतं, आम्हालाच वंगाळ वाटत व्हतं. आम्ही पान उचललं, तसे कावळे उडाले, अन् एक तुमच्याकडं गेला. माझी बायको म्हणली बी, बरं झालं बाई, त्यांची बी सुटका झाली."

याहून सोपं काय असतं? शेजारी भरलेलं ताट असताना कावळा आमच्याकडे कशाला येईल? ते ताट उठलं, तो आला. तेवढ्यात कुणीही काहीही बोललं असतं, पाढे म्हटले असते, तरी आला असता. स्नेहलच्या जागी खांब असता तरी आला असता.

एकच माणूस मी विचारायचा ठेवला होता, स्नेहल. तिला विचारलं नाही. तिचं तोंड मला बघवत नव्हतं हे एक. आणि दुसरं, जिच्या डोक्यावर मान ठेवला ती "नको" कशाला म्हणेल? असं मी धरून चालले.

वर्षश्राद्धाला जेवणं झाली, पानसुपारी फिरली, आणि मंजुषाताईंनी टाकांचं काढलंच. "आईचा कौल आहे, आता उशीर नको. आजच स्नेहलच्या ओटीत घाला." चाळीसेक माणूस ओसरीवर बसलं होतं. माना हलल्या. हे सतरंजीकडे बघत राहिले.

मी उठले. म्हटलं, "कौल कुणी पाहिला ते आधी ठरवू. मंजुषाताई, तुम्ही तेव्हा गाडीत डबे काढत होता. तुम्हीच मला सांगितलंय. मावशी, तुझं ऑपरेशन व्हायचं होतं." एकेकाची जागा सांगत गेले, मध्ये काय होतं ते सांगत गेले. मग मामांना म्हटलं, "मामा, बारकूंना फोन लावा." मामांनी लावला, स्पीकरवर टाकला. बारकूंनी निफाडहून सगळं सांगितलं, आबांच्या जेवणाच्या घाईसकट. त्या पाच दहाव्यांतले दर्भाचे दोनही मी काढले.

मामा हसले. म्हणाले, "आता यात काय राह्यलं? कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, अन् आपण वरीसभर फांदीला हळदकुंकू वाहतोय. टाक थोरलीकडंच राहू द्या. रीत बी तीच हाय."

मंजुषाताई तणतणत उठल्या. "आईच्या कावळ्यालासुद्धा सोडलं नाही हिने," असं म्हणत आत गेल्या. ह्यांनी मला विचारलं, "तू हे किती दिवस करत व्हती?" मी स्नेहलकडे बघत होते. ती सुपारीचा तुकडा बोटांत फिरवत खाली बघून बसली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले तेव्हा हळूच म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे. टाक इथेच राहू द्या."

मी जिंकले होते. फार गोड वाटलं, खोटं कशाला सांगू? मागच्या अंगणात उष्ट्या भांड्यांचा ढीग पडला होता. मी तिथे जाऊन बसले आणि त्या आनंदात दहा पातेली एकटीने घासली असती.

थोड्या वेळाने स्नेहल आली. निऱ्या खोचल्या, माझ्यासमोर पाटावर बसली आणि भाताचं मोठं पातेलं ओढून घासायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर भांडणार. दोन्हींची माझी तयारी होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना विचारलंत. पार निफाडला जाऊन आलात. मला का नाही विचारलं?"

"तुला काय विचारायचं? तू नाही म्हणणार होतीस का?"

"हो. नाहीच म्हणणार होते." तिने घासणं थांबवलं. "मी काही बोललेच नव्हते ताई. तुम्ही बोलत होता."

मी म्हटलं, "काय?"

"मी तुमच्या मागेच उभी होते, डाव्या हाताला. तुम्ही पुढे झालात, पदर तोंडाला लावलात. 'मी कंटाळले होते हो तुम्हाला' एवढं मला ऐकू आलं. 'माफ करा' म्हणालात आणि तो ओट्यावर उतरला. तुमच्या समोर, हाताच्या अंतरावर. तुमचे डोळे मिटलेले होते. 'आला' म्हणून पहिली मी ओरडले. माझ्या आवाजाने सगळे वळले, आणि वळल्यावर त्यांना मीच दिसले."

सवय वाईट. मी विचारायला लागले. "मध्ये कोण होतं?"

"कुणीच नव्हतं. तुमचा खांदा होता."

"तुझे ओठ हलत होते."

"मी म्हणत होते, खा रे बाबा आता, सगळे उपाशी आहेत."

"मग वर्षभर काय मूग गिळून बसली होतीस?"

"तेराव्यालाच सांगितलं मंजुषाताईंना. त्या म्हणाल्या, बघा किती मोठं मन, स्वतःला आलेला कौल जावेला देते. दोनदा सांगितलं, दोनदा त्यांनी माझं कौतुकच केलं." ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मग मलाही बरं वाटायला लागलं ताई. या घरात मी पाहुणीच होते. आई मला हसायच्या, सगळे म्हणायचे, किती जीव आहे. पण पाहुण्याला बघून माणूस हसतोच. मी भरवलेला एक घास त्यांनी कधी गिळला नाही. तोंड घट्ट मिटून दाराकडे बघत राहायच्या, तुम्ही येईपर्यंत. तुम्ही बाजारातून आलात, टेम्पो वाजला, की डोळे मोठे करायच्या. तुम्हाला ते दिसायचं नाही, तुम्ही बाहेर असायचात. मी दर रविवारी ते बघायचे आणि इतकी जळायचे, विचारू नका. म्हटलं, निदान कावळा तरी माझा असू दे."

ती पुढे सांगत होती. "तिसऱ्या दहाव्याला कावळा आलाच नाही, तेव्हा ती बाई माझे पाय धरून रडली. म्हणाली, माझं काय चुकलं ते त्यांना विचारा. त्या दिवसापासून मला हे नको झालं होतं. आज तुम्ही बोललात, सुटले मी."

मी तिथे बसून तिची साक्ष पारखत होते. दुसरं काही मला येतच नाही. सगळ्यांत जवळ उभी ही, नजर हिची चांगली, आणि स्वतःचं नुकसान करून घेऊन सांगते आहे. नवांपैकी एकाचीही साक्ष इतकी चोख नव्हती. आणि जिला मी कधीच काही विचारलं नव्हतं ती शेवटची साक्षीदार मीच होते, डोळे मिटून उभी असलेली.

म्हणजे तो कावळा माझा होता. चार वर्षांत जे सासूबाईंनी मान हलवूनसुद्धा सांगितलं नाही ते त्यांनी... आणि तिथेच मी अडकले. कुणी काही सांगितलं नव्हतं. शेजारचं पान उचललं म्हणून कावळा आला होता. कोण बोलत होतं त्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. हे कुणी शोधून काढलं? मीच. चाळीस माणसांसमोर, फोनचा स्पीकर लावून. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिचा कावळा उडवायला गेले आणि माझाच उडवून बसले. मला स्वतःचाच इतका राग आला की राखेने भरलेला हात मी कपाळावर मारून घेतला.

"जाऊन सांगू का आत?" स्नेहल म्हणाली. "अजून सगळे बसलेत. मंजुषाताईपण ऐकतील. तुमचा मान तुम्हाला पुरा मिळेल."

एक क्षण मला वाटलं, जा, सांग. ओरडून सांग. पण मी म्हटलं, "नको. बारकू खोटं बोलत नाही."

"मग जाऊ दे?"

"जाऊ दे."

तिने पातेलं पुन्हा पुढे ओढलं. मी नळ बंद केला. माझं मन मात्र मानत नव्हतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि तरी माझा जीव त्या ओट्यापाशीच घुटमळत होता.

"स्नेहल," मी म्हटलं, "परत सांग."

"काय?"

"तेच. मी पुढे झाले तिथून. तो उतरला तिथपर्यंत."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग हात मांडीवर ठेवले आणि पहिल्यापासून सांगितलं. पदर, कंटाळले होते ते, माफ करा, हाताचं अंतर. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. तिचं सांगून झालं तेव्हा मी म्हटलं, "अजून एकदा."